गाणं कुणाच्या नावावर? : सॅम कुकची तेहेतीस वर्षं

१९५७च्या सप्टेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या कीन रेकॉर्ड्स या नव्याकोऱ्या कंपनीने एक छोटी तबकडी बाजारात आणली. कंपनीचा मालक जॉन सियामस मुळात विमानाचे सुटे भाग बनवणारा कारखानदार. तबकडीच्या एका बाजूला गर्श्विनचं 'समरटाइम' होतं आणि दुसऱ्या बाजूला 'यू सेंड मी' नावाचं साधंसं प्रेमगीत. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटून दुसरी बाजू वाजवायला सुरुवात केली आणि वर्ष संपायच्या आत ते गाणं अमेरिकेतल्या काळ्यांच्या यादीत पहिलं आलं आणि गोऱ्यांच्याही. दहा लाखांवर प्रती खपल्या. गायकाचं नाव सॅम कुक. शीर्षकाखाली बारीक अक्षरांत गीतकार-संगीतकाराचं नाव होतं एल. सी. कुक.

एल. सी. हा सॅमचा धाकटा भाऊ. गाणं त्याने लिहिलं नव्हतं, सॅमनेच लिहिलं होतं. मग नाव भावाचं का?

सॅम कुकवर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलंय. पीटर गुरालनिक यांचं 'ड्रीम बूगी' (२००५) हे चरित्र तर वाचून संपता संपत नाही. पण बहुतेक लिखाणाचा ओढा दोन गोष्टींकडे असतो : त्याचा मधाळ आवाज आणि त्याचा मोटेलमधला मृत्यू. मला या दोन्हींच्या मधली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटत आली आहे. ती म्हणजे त्याची खातेवही. एका काळ्या गायकाने १९५०च्या दशकात 'माझ्या गाण्याचा मालक कोण?' असा प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर स्वतःच्या बाजूने लावून घ्यायची आठ वर्षं खटपट केली. ती खटपट समजून घेतल्याशिवाय त्याचं गाणंही पुरतं समजत नाही, असं माझं मत आहे.

त्यासाठी आधी दोन सेंटांचा हिशेब पाहावा लागेल. अमेरिकेत १९०९च्या कायद्याने तबकडीवरच्या प्रत्येक गाण्यामागे, विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीला दोन सेंट एवढं मानधन ठरलं होतं आणि ते जवळजवळ सत्तर वर्षं तसंच राहिलं. त्यातला साधारण निम्मा वाटा गीतकार-संगीतकाराचा, निम्मा प्रकाशकाचा. इथला प्रकाशक पुस्तकवाला नव्हे. गाण्याच्या हक्काची नोंद ज्याच्याकडे असते तो. छोट्या कंपन्यांची युक्ती अशी की गायकाशी करार करतानाच त्याची गाणी आपल्याच प्रकाशनसंस्थेत नोंदवून घ्यायची. म्हणजे एका खिशातून काढलेल्या दोन सेंटांपैकी एक सेंट दुसऱ्या खिशात परत. खेरीज गायनाचं मानधन वेगळं, आणि त्यातून स्टुडिओचा, वादकांचा, उचलीचा खर्च वजा. वर्षअखेरीस गायक कंपनीचं देणं लागतो असं निघालं तरी कुणाला नवल वाटत नसे. खेड्यातल्या सावकाराची वही ज्याने ऐकून का होईना माहीत करून घेतली आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

सॅमच्या घराण्याला तर ती वही फार जवळून ठाऊक होती. त्याचा जन्म २२ जानेवारी १९३१चा, मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेल गावचा. सगळा कापसाचा मुलूख. काळा माणूस दुसऱ्याच्या जमिनीवर राबायचा, मालकाच्याच दुकानातून उधारीवर सामान घ्यायचा आणि हंगामाच्या शेवटी मालकच हिशेब वाचून दाखवायचा. वडील चार्ल्स कुक हे होलिनेस पंथाचे धर्मोपदेशक. आडनाव तेव्हा नुसतं 'कुक' होतं, शेवटचं 'ई' हे अक्षर सॅमने पुढे जोडलं. उच्चारात फरक नाही, दिसण्यात आहे. १९३३ साली कुटुंब शिकागोला आलं. दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या लाखो काळ्या कुटुंबांपैकी ते एक. शिकागोच्या दक्षिण भागातल्या ब्रॉन्झव्हिल वस्तीत भावंडांची 'सिंगिंग चिल्ड्रन' नावाची मंडळी झाली, मग किशोरवयात 'हायवे क्यूसीज' हा संच, आणि विशी ओलांडता ओलांडता एकदम 'सोल स्टरर्स'.

'सोल स्टरर्स' म्हणजे गॉस्पेल गायनातलं मोठं नाव. गॉस्पेल हे चर्चमधलं भक्तिगीत खरं, पण शांत प्रार्थनेची कल्पना डोळ्यांपुढे आणू नये. आपल्याकडे रंगात आलेलं भजन जसं अभंगाचा एकच चरण घोळवत घोळवत चढत जातं, टाळकरी मागून तोच चरण परत परत भिरकावतात आणि बुवा त्यावर नव्या जागा घेत राहतात, तसा काहीसा प्रकार. या संचाचे मुख्य गायक आर. एच. हॅरिस यांनी संच सोडला आणि त्यांच्या जागी हा कोवळा पोरगा उभा राहिला. १ मार्च १९५१ रोजी हॉलिवूडमध्ये स्पेशालिटी रेकॉर्ड्ससाठी पहिलं ध्वनिमुद्रण झालं. कंपनीचे मालक आर्ट रूप यांना हॅरिसऐवजी हा कोण, असं झालं होतं. पण 'जीझस गेव्ह मी वॉटर' खपलं आणि तक्रार मिटली.

हॅरिस यांचा आवाज तारसप्तकात फिरे. सॅमने सुरुवातीला त्यांचीच नक्कल केली. ते जमेना तेव्हा त्याने एक जागा शोधली : वरच्या स्वरावर झेप घेण्याऐवजी त्याच्या खालूनच आवाज हेलकावत न्यायचा, शब्दाऐवजी नुसता स्वरोच्चार लांबवत. संचातले त्याचे ज्येष्ठ सहकारी एस. आर. क्रेन ही हकिगत सांगत. उणिवेतून शैली निघाली. पुढे सबंध जगाने जो हेलकावा 'सॅम कुकचा' म्हणून ओळखला, तो असा चर्चमध्येच जन्मला. १९५५ साली लॉस एंजेलिसच्या श्राइन सभागृहात झालेल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. 'नियरर टू दी' त्यात लांबत लांबत जातं आणि श्रोत्यांतल्या बायकांच्या किंकाळ्या ऐकू येतात. 'मधाळ आवाजाचा गोड गायक' एवढीच त्याची ओळख असणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

गॉस्पेल सोडून प्रेमगीतांकडे वळणं ही साधी गोष्ट नव्हती. देवाने दिलेला आवाज सैतानाला विकला, अशीच भाषा होती. १९५६च्या अखेरीस सॅमने न्यू ऑर्लिन्सला 'लव्हेबल' हे पहिलं लौकिक गाणं गायलं, तेही 'डेल कुक' या नावाने. चाल संचाच्याच एका गॉस्पेल गीताची, फक्त देवाच्या जागी प्रेयसी आलेली. आवाज इतका ओळखीचा की टोपणनावाने कुणीही फसलं नाही. वडील मात्र, धर्मोपदेशक असूनही, आड आले नाहीत. तुझ्या आवाजाने लोकांना आनंद मिळत असेल तर देव रागावायचं कारण नाही, अशा अर्थाचं ते बोलले असं घरची मंडळी सांगत.

१९५७च्या जूनमध्ये निर्माता बम्प्स ब्लॅकवेलने 'समरटाइम' आणि 'यू सेंड मी'च्या ध्वनिमुद्रणाला मागे गोरा गायकवृंद उभा केला. आर्ट रूप स्टुडिओत आले आणि भडकले. हे काय मिळमिळीत चालवलंय, काळ्यांचं गाणं काळ्यांसारखं वाजलं पाहिजे! भांडणाचा शेवट असा झाला की ब्लॅकवेलने आपली येणी रक्कम सोडून दिली आणि त्या बदल्यात ती ध्वनिमुद्रणं घेऊन तो आणि सॅम बाहेर पडले. पण गीतकार म्हणून सॅम अजून रूप यांच्या प्रकाशनसंस्थेशी बांधलेला होता. गाणं त्याच्या नावावर गेलं असतं तर प्रकाशकाचा सेंट रूप यांच्याकडे गेला असता. म्हणून एल. सी. कुक. रूप यांनी अर्थातच दावा सांगितला.

पुढे ही नावांची लपवाछपवी त्याने आणखी केली. १९६०चं 'वंडरफुल वर्ल्ड' हे त्याचं, लू ॲडलर आणि हर्ब ॲल्पर्ट यांचं मिळून रचलेलं गाणं. तबकडीवर रचनाकार : बार्बरा कॅम्पबेल. १९५९ साली सॅमने जिच्याशी लग्न केलं ती त्याची बालमैत्रीण. आधी भावाचं नाव, मग बायकोचं. जमीन वाचवायला सातबारा दुसऱ्याच्या नावावर करावा तसं.

या सगळ्यात त्याला वाट दाखवणारा माणूस म्हणजे जे. डब्ल्यू. अलेक्झांडर. 'पिलग्रिम ट्रॅव्हलर्स' या दुसऱ्या गॉस्पेल संचाचा हा गायक. त्याने कॅग्ज म्युझिक नावाची छोटी प्रकाशनसंस्था काढली होती. दोन सेंटांचं गणित याला पक्कं समजलं होतं आणि त्याने ते सॅमला समजावलं. सॅम कॅग्जमध्ये भागीदार झाला. शिवाय १९५९ साली सॅम, अलेक्झांडर आणि रॉय क्रेन या तिघांनी आपल्या नावांची आद्याक्षरं जोडून एसएआर ही रेकॉर्ड कंपनी काढली. बेरी गॉर्डी यांची मोटाउन डेट्रॉइटमध्ये त्याच वर्षी उभी राहत होती, पण ते व्यवसायाने गायक नव्हते. स्वतः लोकप्रियतेच्या शिखरावर असताना दुसऱ्या काळ्या गायकांसाठी कंपनी चालवणारा गायक हा प्रकार दुर्मीळच.

एसएआरच्या कारभारात मला सर्वांत बोलकी वाटते ती वोमॅक बंधूंची गोष्ट. क्लीव्हलंडचे हे पाच भाऊ गॉस्पेल गात. सॅमच्या सांगण्यावरून त्यांनी आपल्याच एका भक्तिगीताची चाल 'लुकिन फॉर अ लव्ह' या प्रेमगीताला दिली, 'व्हॅलेंटिनोज' हे नाव घेतलं आणि बापाने त्यांना घराबाहेर काढलं. सॅमने कॅलिफोर्नियाला यायला पैसे पाठवले. पोरांनी त्यातून जुनी कॅडिलॅक घेतली आणि ती वाटेत रडतखडत चालली. १९६४ साली त्यांच्यातल्या बॉबीचं 'इट्स ऑल ओव्हर नाऊ' हे गाणं बाजारात येतंय न येतंय तोच इंग्लंडच्या कुण्या रोलिंग स्टोन्स नावाच्या गोऱ्या पोरांनी ते गाऊन टाकलं. ब्रिटनमध्ये ते त्यांचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं पहिलं गाणं. बॉबी संतापला होता. पुढे तोच हसत सांगे की हक्कांच्या पैशांचा पहिला धनादेश हातात पडला आणि राग निवळला. तो धनादेश आला, कारण गाणं कॅग्जमध्ये नोंदलेलं होतं. तसं नसतं तर गोऱ्यांनी काळ्यांचं गाणं उचलल्याची आणखी एक हळहळ तेवढी उरली असती.

(जवळपास याच वर्षांत मुंबईत पार्श्वगायकांना रॉयल्टी मिळावी की नाही यावरून लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात बेबनाव झाला आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण तबकडीच्या धंद्यात आवाज देणाऱ्याचा वाटा किती, हा प्रश्न तेव्हा हवेत होता एवढं खरं.)

१९६० साली सॅम आरसीए व्हिक्टर या बड्या कंपनीकडे गेला. 'चेन गँग', 'क्युपिड', 'ट्विस्टिन द नाइट अवे', 'ब्रिंग इट ऑन होम टू मी' ही गाणी तिथली. सगळ्यांबद्दल लिहीत बसत नाही. काही गाणी साखरेत घोळल्यासारखी आहेत आणि तो दोष निर्मात्यांवर ढकलणारे त्याचे चाहते मला पटत नाहीत. गोऱ्यांच्या क्लबातला श्रोता त्याला स्वतःलाच हवा होता. १९५८ साली न्यूयॉर्कच्या कोपाकबाना या प्रतिष्ठित क्लबात त्याचा फज्जा उडाला, ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं. १९६४च्या उन्हाळ्यात तो तिथे परत गेला, जिंकला, आणि त्याचं ध्वनिमुद्रण झोकात प्रसिद्ध झालं.

आता त्याच्या शेजारी दुसरं ध्वनिमुद्रण ठेवून पाहा. १२ जानेवारी १९६३, मायामीचा हार्लेम स्क्वेअर क्लब, श्रोते जवळजवळ सगळे काळे. तोच गायक, काही तीच गाणी. पण इथे आवाज खरखरीत झालेला, घाम जणू ऐकू येतो, आणि 'ब्रिंग इट ऑन होम टू मी'च्या आधी तो प्रियकराची कैफियत अशी घोळवतो की श्राइन सभागृहातलं १९५५चं भजनच पुन्हा उभं राहतं. आरसीएने ऐकलं आणि हे फार रांगडं आहे म्हणून कपाटात टाकलं. तिथे ते बावीस वर्षं पडून होतं, १९८५ साली बाहेर आलं. मी दोन्ही लागोपाठ ऐकतो तेव्हा खरा सॅम कोणता असा प्रश्न मला पडत नाही, दोन्ही खरेच. पण त्याच्या हयातीत जगाला त्यातला एकच ऐकू दिला गेला, हा निर्णय कुणी घेतला? ज्याच्याकडे मूळ टेप होती त्याने.

दौऱ्यांवरचं आयुष्य वेगळंच होतं. दक्षिणेत हॉटेलं काळ्यांना खोली देत नसत. सभागृहांत मधोमध दोर बांधून गोरे एका बाजूला आणि काळे दुसऱ्या बाजूला बसवत, नाहीतर काळ्यांना वर माळ्यावर. १९६१च्या मे महिन्यात मेम्फिसला अशी बैठकव्यवस्था आहे हे कळल्यावर सॅम आणि क्लाइड मॅकफॅटर या दोघांनी गायला नकार दिला. करार मोडण्याची किंमत गायकालाच भरावी लागे, हे ध्यानात घेतलं म्हणजे या नकाराचं वजन कळतं.

१९६३चं वर्ष सगळंच वाईट गेलं. जूनमध्ये दीड वर्षाचा मुलगा व्हिन्सेंट घरच्या पोहण्याच्या तलावात बुडून गेला. ऑक्टोबरच्या ८ तारखेला लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट गावी हॉलिडे इनमध्ये फोनवरून खोल्या राखून ठेवलेल्या असताना, चेहरे पाहून खोल्या नाहीत असं सांगण्यात आलं. सॅम हटून बसला. बायको म्हणाली, चल, हे लोक तुला मारून टाकतील. मला कोण मारणार, मी सॅम कुक आहे, अशा अर्थाचं तो उत्तरला, असं गुरालनिक लिहितात. अखेर गाड्यांचे भोंगे वाजवत मंडळी निघाली, दुसऱ्या मुक्कामी पोलीस वाट पाहत होते. शांतताभंगाच्या आरोपाखाली अटक झाली.

याच सुमारास तो बॉब डिलनचं 'ब्लोइन इन द विंड' ऐकून अस्वस्थ होता. असं गाणं एका गोऱ्या पोराने लिहावं आणि आपण लिहू नये, ही ती अस्वस्थता. त्यातून 'अ चेंज इज गॉना कम' आलं. बदल येणार आहे, असं म्हणणारं. ३० जानेवारी १९६४ रोजी हॉलिवूडला ध्वनिमुद्रण झालं. वाद्ययोजना रेने हॉल यांची : व्हायोलिनांचा ताफा, फ्रेंच हॉर्न, टिंपनी. चर्च, सिनेमा आणि शोकसभा या तिन्हींची छाया त्यात आहे. गाण्यात कुठेही घोषणा नाही. एक दमलेला माणूस आहे, त्याला नदीकाठचा आपला जन्म आठवतो, जगणं कठीण झालंय पण मरणाचीही भीती वाटते. एका कडव्यात गावात, सिनेमाला जायला निघालेल्या माणसाला इथे घोटाळू नकोस असं सुनावलं जातं. बॉबी वोमॅकने हे ऐकून 'मरणासारखं वाटतं' असं म्हटल्याची आठवण तो स्वतःच सांगे.

७ फेब्रुवारी १९६४ रोजी सॅमने हे गाणं जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो'मध्ये गायलं. त्याची टेप आज उरलेली नाही. दोनच दिवसांनी बीटल्स एड सुलिव्हनच्या कार्यक्रमात आले आणि अमेरिकेला दुसरं काही सुचेनासं झालं. त्याच महिन्याच्या २५ तारखेला मायामीत कॅशियस क्लेने सॉनी लिस्टनला हरवलं, तेव्हा विजयाच्या गोंधळात क्लेने रिंगणात बोलावून घेतलेला दोस्त म्हणजे सॅम. माल्कम एक्सही त्या रात्री तिथे होता.

आणि आता खातेवहीचं शेवटचं पान. १९६३ साली ॲलन क्लाइन नावाच्या हिशेबनिसाने आरसीएच्या वह्या तपासून सॅमची मोठी थकबाकी बाहेर काढली. सॅम खूश झाला, क्लाइन त्याचा व्यवस्थापक झाला. नवी व्यवस्था अशी की सॅमच्या मुलीच्या नावाने काढलेली 'ट्रेसी लिमिटेड' ही कंपनी ध्वनिमुद्रणं करणार, तीच मालक राहणार आणि आरसीए फक्त विक्री करणार. कल्पना काळाच्या पुढची होती. पण कागदोपत्री ट्रेसी लिमिटेडची मालकी क्लाइनकडे होती. ज्या माणसाने एका सेंटासाठी भावाचं नाव पुढे केलं, त्याच्या नजरेतून हे कसं निसटलं? की त्याला विश्वास टाकावासा वाटला? शेवटच्या महिन्यांत तो क्लाइनवर नाराज होता, व्यवहार मोडायच्या विचारात होता, असं त्याच्या निकटच्या काहींनी सांगितलं आहे.

ते तपासायला वेळ मिळाला नाही. ११ डिसेंबर १९६४च्या पहाटे लॉस एंजेलिसच्या हॅसिएंडा मोटेलमध्ये तिथल्या व्यवस्थापक बाईने झाडलेल्या गोळीने तो मेला. स्वसंरक्षणार्थ झाडली, असं तिचं म्हणणं होतं आणि पंचांच्या चौकशीत तेच मान्य झालं. घरच्यांनी आणि काळ्या समाजातल्या पुष्कळांनी ते कधी मानलं नाही. चौकशी घाईने उरकली गेली हे खरंच, पण त्यापुढे रचलेल्या कटाच्या कहाण्यांना पुरावा नाही आणि मी त्यांत शिरणार नाही. शिकागोच्या आणि लॉस एंजेलिसच्या अंत्यविधींना रस्त्यांवर माणसं मावली नाहीत. दुसऱ्या ठिकाणी रे चार्ल्स गायला.

अकरा दिवसांनी 'अ चेंज इज गॉना कम' एकेरी तबकडी म्हणून निघालं, 'शेक' या नाचाच्या गाण्याच्या मागच्या बाजूला. रेडिओसाठी लांबी कमी करताना नेमकं सिनेमाचं कडवं कापलेलं. तशा कापलेल्या रूपातही चळवळीने ते उचललं. २००९च्या जानेवारीत बराक ओबामांच्या शपथविधीआधी लिंकन स्मारकासमोर बेटी लाव्हेट या काळ्या सोल गायिकेने, जॉन बॉन जोव्हीच्या साथीने, ते गायलं.

एसएआर लवकरच बंद पडली. विधवेने काही महिन्यांतच बॉबी वोमॅकशी लग्न केलं, त्यावरून खूप गहजब झाला. कुटुंबाच्या वाट्याचे हक्क विकले गेले आणि फिरत फिरत क्लाइनच्या ॲबको या कंपनीत जमा झाले. १९८६ साली 'वंडरफुल वर्ल्ड' जीन्सच्या जाहिरातीत वाजलं आणि ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. त्याचा हिशेबही तिकडेच लागला. श्रीव्हपोर्टच्या महापौरांनी २०१९ साली त्या अटकेबद्दल जाहीर माफी मागितली आणि सॅम कुकला मरणोत्तर शहराची किल्ली देऊ केली.